शिरोलीतल्या छोट्या रबर युनिटला थेट परदेशात माल पाठवता येईल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत चार प्रेसचं (रबर साच्यात दाबून शिजवणारी यंत्रं) युनिट आहे, ओ-रिंग, वॉशर आणि बुश (दांड्याभोवती बसणारी रबरी नळी) करता, आणि चीनचा माल एवढा स्वस्त असताना थेट निर्यात जमेल का.

जमेल. मी बावीस वर्षं गोकुळ शिरगावात हेच काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं माझा माल बाहेर जातोय, म्हणून खात्रीनं सांगतो. पण आधी एक गोष्ट तपासा. तुमचा माल आजही परदेशात जात असणार. कोल्हापुरातून पंप, व्हॉल्व्ह, इंजिनाचे भाग, मशिनिंग केलेली कास्टिंग्ज बाहेर जातात आणि त्यांच्या पोटात कुणाचा ना कुणाचा वॉशर बसलेला असतो. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सरळ विचारा की आमचे कुठले भाग एक्स्पोर्टच्या असेंब्लीत लागतात. त्या भागांची ड्रॉइंग काढा. त्यावर लिहिलेलं मटेरियल, कडकपणा, टॉलरन्स हे सगळं परदेशी गिऱ्हाइकानंच ठरवलेलं असतं. म्हणजे अर्धी परीक्षा तुम्ही नकळत पास झालेले आहात.

चीनची भीती कुठं धरायची आणि कुठं नाही, हे मालाच्या वजनावरून आणि आकारमानावरून कळतं. जगातलं सुमारे ७० टक्के नैसर्गिक रबर टायरमध्ये जातं. तो खेळ हजारो कोटींचा, तिथं आपलं काम नाही. हातमोज्यांत मलेशिया बसलाय. चटया, स्वस्त होज, सायकलच्या ट्यूब हा कंटेनर भरून जाणारा माल, तिथं किलोच्या भावानं सौदा होतो आणि आपण हरतो. पण दोन ग्रॅमच्या ओ-रिंगला भाडं किती लागणार? दहा हजार नग वीस किलोत बसतात, विमानानंही जातात. तिथं गिऱ्हाईक भाव बघतं, पण त्याआधी हे बघतं की दहा हजारावा नग पहिल्यासारखाच आहे का. तुमच्या भागाची वर्षाची गरज पाच-दहा हजार नगांची असेल, तर मोठा कारखाना त्यासाठी साचा चढवायलाही तयार होत नाही. आपली जागा ती आहे.

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो, कारण यातच सगळं आलं. २०१४ मध्ये युरोपातल्या एका पंपवाल्याकडून बारा हजार एनबीआर (तेलात टिकणारं सिंथेटिक रबर) वॉशरची ऑर्डर मिळाली. कडकपणा ७० शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप), पाच इकडं-तिकडं चालेल. सँपल पास झालं. कंपाउंड, म्हणजे रसायनं घातलेलं कच्चं रबर, मी बाहेरून मिसळून आणत होतो. पहिला लॉट संपला, दुसरा आणला, प्रेसवर चढवला. बायका फ्लॅश, म्हणजे कडेचं जादा रबर, काढून, मोजून पाकिटं भरत होत्या. मी एका बटणावर (तपासणीसाठी शिजवलेली रबराची चकती) गेज दाबून बघितलं, ७१ आलं, आणि माल पाठवला. दीड महिन्यानं मेल आला: काही वॉशर ७८, आणि दाबून ठेवले की परत उठत नाहीत. म्हणजे कॉम्प्रेशन सेट गेलेला. दुसऱ्या लॉटचं कंपाउंड वेगळं निघालं होतं. गिऱ्हाइकानं एकच विचारलं, कुठली पाकिटं कुठल्या लॉटची? मला सांगता आलं नाही. पाकिटावर नंबरच नव्हता. चांगले वॉशरही त्यामुळंच गेले, सगळे बारा हजार.

फौंड्रीवाल्याचं रिजेक्शन निदान भट्टीत परत जातं. आपलं रबर एकदा गंधकानं शिजलं की शिजलं, ते वितळत नाही. चार्ल्स गुडइयरनं १८४४ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ती हीच प्रक्रिया. तिच्यामुळं रबर कामाचं झालं आणि तिच्यामुळंच चुकलेला नग सरळ भंगारात जातो. म्हणून आपल्या धंद्यात चूक प्रेसच्या आधी पकडावी लागते. त्या दिवसापासून माझ्याकडं प्रत्येक बॅचचं वेगळं बटण, त्याचा कडकपणा, प्रेसचं तापमान, वेळ आणि साचा नंबर एका वहीत आणि पाकिटावर, दोन्हीकडं असतो. थेट निर्यातीची पहिली गुंतवणूक म्हणून मी हीच वही सांगेन. नवी प्रेस मागाहून घेता येते.

कागदांचं थोडक्यात. डीजीएफटीकडून (केंद्राचं विदेश व्यापार खातं) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, बँकेचा एडी कोड, जीएसटीत एलयूटी नावाचं हमीपत्र, म्हणजे आयजीएसटी न भरता माल पाठवता येतो. यासाठी एक बरा सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करणारा एजंट, पुरेसा आहे. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का लागतो. रबराच्या निर्यातदारांसाठी कॅपेक्सिल ही निर्यात प्रोत्साहन परिषद आहे, तिचं सभासदत्व घ्या, प्रदर्शनांची माहिती तिथून मिळते.

मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या वर्गवारीतला आकडा, मात्र स्वतः समजून घ्या, तो दुसऱ्यावर सोडू नका. गॅस्केट, वॉशर, सील हे ४०१६ ९३ मध्ये येतात. पण बुशला लोखंडी नळी चिकटवलेली असेल आणि तो गाडीचा असेल, तर तो ८७०८ खाली, म्हणजे गाडीच्या सुट्या भागांत जाऊ शकतो. समोरच्या देशातलं शुल्क या आकड्यावर ठरतं. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं गाड्यांच्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं, आणि ऑगस्टमध्ये भारताच्या इतर बऱ्याच मालावर ते ५० टक्क्यांवर नेलं. तेव्हा कुणाचा भाग कुठल्या कोडखाली आहे यावर ऑर्डर राहिली किंवा गेली. असे दर वरचेवर बदलतात, त्यामुळं कोटेशनमध्ये मुदत घाला आणि त्या दिवसाचा दर बघूनच भाव द्या.

कच्च्या मालाचं दुखणं तुम्हाला ठाऊकच असेल. भारतात नैसर्गिक रबर पिकतं त्यापेक्षा जास्त लागतं. बाहेरून आणलं तर २५ टक्के किंवा किलोमागं ३० रुपये, यातलं कमी असेल ते शुल्क. २०२३ च्या अर्थसंकल्पात कंपाउंड रबरालाही तोच दर लागला, आधी १० टक्के होता. केरळच्या बागायतदाराला भाव मिळावा हे मला पटतं. पण आसियान (थायलंड, व्हिएतनामसारख्या आग्नेय आशियातल्या) देशांतून तयार रबरी माल कमी शुल्कात किंवा शुल्काशिवाय येतो आणि आपला कच्चा माल महाग पडतो, हा लहान कारखान्यावर अन्याय आहे आणि तो बोलला गेला पाहिजे. सुदैवानं तुमचं काम एनबीआरचं असणार, ते खनिज तेलाच्या भावावर चालतं.

युरोपात पाठवायचं असेल तर जंगलतोडीचा नियम, ईयूडीआर, आत्तापासून ध्यानात ठेवा. नैसर्गिक रबर ज्या बागेतून आलं तिथली जमीन ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेली नाही, हे बागेच्या ठिकाणासकट दाखवावं लागणार आहे. अंमलबजावणी पुढं ढकलली गेली आहे, पण ४०१६ त्या यादीत आहे. नैसर्गिक रबराच्या शिटा विकणाऱ्या व्यापाऱ्याला माल कुठून येतो ते आजच विचारायला लागा. निव्वळ सिंथेटिकला हा त्रास नाही.

पैशाबद्दल एकच सांगतो. पहिल्या ऑर्डरला साच्याचे पैसे पूर्ण आणि मालाचे निम्मे आगाऊ मागा. ओळख झाल्यावर उधारी द्यावी लागते, तेव्हा ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा काढा.

सुरुवात या आठवड्यात करायची असेल तर एक्स्पोर्टच्या असेंब्लीत लागणारा तुमचा एक भाग निवडा, एकच. त्याच्या तीन वेगवेगळ्या बॅचचे नग घ्या, चांगल्या लॅबमधून कडकपणा आणि कॉम्प्रेशन सेटचा रिपोर्ट काढा. तिन्ही आकडे जवळजवळ आले तर तो रिपोर्ट जोडून परदेशातल्या खरेदीदारांना मेल पाठवा. नाही आले तर आधी कंपाउंडवाल्याकडं जाऊन बसा.