बी.एस्सी.नंतर बी.एड. करून गणित-विज्ञानाचा शिक्षक व्हावे का?

गणित व भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले आहात, घरी कोरडवाहू शेती आहे, शिकवायची आवड आहे, तेव्हा बी.एड. करून माध्यमिक शिक्षक व्हावे की आधी एम.एस्सी. करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला हे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे इकडच्या खेड्यांपुरते सांगू शकतो.

आवडीची परीक्षा आधी करावी, आणि ती हुशार मुलाची शिकवणी घेऊन होत नाही. गावातल्या नववीच्या मुलांना एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश एवढी बेरीज द्या. त्यांतील बरीच मुले वरचे अंक वर आणि खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहितील; तुम्ही दुरुस्त केले की ‘हो सर’ म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहितील. मग कागदाची पट्टी घेऊन तिचे सहा समान भाग पाडावे लागतात, अर्ध्यासाठी तीन आणि तृतीयांशासाठी दोन रंगवावे लागतात, आणि दोन पंचमांश हे तर अर्ध्याहूनही कमी, मग मिळवल्यावर कमी कसे झाले, हे मुलाच्याच तोंडून येईपर्यंत थांबावे लागते. त्या वेळी दहावीचा अर्धा अभ्यासक्रम बाकी असतो. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीमुळे वर्गातली हजेरी रोडावते आणि तोच धडा परत घ्यावा लागतो. मुलाने दोन पंचमांश का लिहिले याचेच तुम्हाला कुतूहल वाटत असेल तर या कामात तुमचा जीव रमेल. नुसती गणिते सोडवण्याची हौस असेल तर वर्षभरात कंटाळा येईल. खेड्यातल्या शाळेत बहुधा गणिताच्या शिक्षकाकडेच विज्ञानही येते, त्यामुळे जीवशास्त्राचीही तयारी ठेवावी.

नोकरीचा प्रश्न याहून रुक्ष आहे. बी.एड. दोन वर्षांचे असून त्याच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. पुढे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, दोनशे गुणांची आणि दोन तासांची असते, आणि शिक्षकभरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरील निवड तिच्या गुणांवर अवलंबून असते. ही चाचणी 2017, 2023 आणि 2025 मध्ये झाली. या अंतरांवरूनच किती वाट पाहावी लागू शकते याचा अंदाज येईल. (तुम्ही जो विषय शिकवणार त्याची तिच्यात वेगळी परीक्षा नसते, याचे मला अजूनही नवल वाटते.) सहावी ते आठवीसाठी अर्ज करायचा असेल तर शिक्षक पात्रता परीक्षाही (टीईटी; ती टेटहून वेगळी) उत्तीर्ण व्हावी लागते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, काढावी लागतात. माध्यमिकसाठी 2023 पासून हे मानधन दरमहा 18,000 रुपये आहे.

डोनेशन देऊन ‘आज ना उद्या अनुदान येईल’ या भरवशावर विनाअनुदानित शाळेत लागण्यासाठी मात्र शेत मुळीच विकू नका. अनुदान आले तरी ते टप्प्याटप्प्याने येते, पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदे ठरवताना, पदच उडू शकते, आणि शिक्षण विभागाची तुमच्या नेमणुकीला वैयक्तिक मान्यता नसेल तर वर्षानुवर्षे फुकट राबावे लागते. नागपूर विभागात 2025 मध्ये उघड झालेले बोगस शालार्थ आयडीचे (शिक्षकाचा पगार काढण्यासाठीच्या सरकारी ऑनलाइन क्रमांकाचे) प्रकरण तुम्ही वाचलेच असेल. मागच्या दाराने मिळालेली नोकरी किती टिकते, ते त्यावरून दिसते.

राहिली एम.एस्सी. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात, त्यामुळे ती वाया जाणार नाही. परंतु घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी बी.एड. करावे, टेट द्यावी आणि एम.एस्सी. नंतर पूर्ण करावी. दरम्यान एखाद्या शाळेत तासिका तत्त्वावर काम मिळाले तर घ्या, फक्त तासाचे पैसे किती आणि केव्हा मिळतील हे रुजू होण्यापूर्वी लेखी घ्या.