रॉक बँडचे डेमो आधी ऐकावेत की थेट स्टुडिओ अल्बम? डेमोत असं काय असतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "डेमो म्हणजे शेवटी कच्चा माल, मग लोक त्याच्यामागे एवढे वेडे का होतात". डेमो म्हणजे अल्बमच्या आधी करून बघितलेलं कच्चं रेकॉर्डिंग, पण या कच्चा माल शब्दापायीच उत्तर लिहायला बसलोय, एरवी मी इथं नुसता वाचून जाणारा माणूस.

हा शब्द मी गेली वीसेक वर्षं मामेभावाकडून ऐकतोय. तो आमच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. हो, कोल्हापुरात बँड, लग्नातला नव्हे. 1999 साल, चौघंजण, स्वतःची चार गाणी, त्यातली दोन इंग्रजी जी आम्हालाही धड कळत नव्हती. ड्रमर आमचा तालमीच्या मंडळात हलगी वाजवत मोठा झालेला. ड्रमसेटवर बसला तरी मनगट हलगीचंच.

प्रॅक्टिसला जागा नव्हती म्हणून उद्यमनगरात एका मित्राच्या काकांच्या मशीन शॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी जमायचो. लेथच्या बाजूला ड्रम लावायचे, आधी लोखंडाचा कीस झाडायचा, नाहीतर बास ड्रमचं पेडल अडकायचं. रेकॉर्डिंगला काय तर घरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला. खाली ठेवला की नुसते ड्रम, स्टुलावर ठेवला की नुसती माझी गिटार. मग ड्रमरनंच डोकं चालवलं, चेन पुलीच्या हुकात टू-इन-वनचं हँडल अडकवलं आणि साखळी ओढत वर घेतला. आम्ही वाजवायचो, काका मान वर करून ऐकायचे, "अजून हातभर वर घे रं" म्हणायचे. आमचं मिक्सिंग म्हणजे एवढंच, गाणाऱ्यानं हुकाखाली उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मागं सरकायचं. आता एवढ्या उंचीवर वायर पुरेना, म्हणून सेल घातले. हे सेल लक्षात ठेवा, पुढं सगळं भांडण त्यांच्यावरच आहे.

टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. क्रॅश, म्हणजे मोठी झांज, वाजला की सगळं गाणं दबायचं आणि मग हळूहळू फुगत वर यायचं. स्टुडिओवाले असा परिणाम मुद्दाम करायला महागडं मशीन लावतात, आमच्याकडं फुकट होता. ती कॅसेट कॉलेजात एवढी फिरली की बघायलाच नको, कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी, शेवटी गाण्यापेक्षा खरखर जास्त.

मग आम्हाला शहाणपण सुचलं. पैसे गोळा केले आणि पुण्याला एका स्टुडिओत गेलो, तासाला 300 रुपये. रेकॉर्डिस्टनं ड्रमरला एकट्याला काचेमागं बसवलं, हेडफोन घातला आणि कानात क्लिक सोडला, लय धरायला मशीनचे एकसारखे ठोके, टक टक टक टक. बाकीचे आम्ही बाहेर सोफ्यावर. हा गडी आयुष्यात कधी एकटा वाजवला नव्हता, समोर माणूस लागायचा त्याला. धृपद आलं की थोडा पुढं पळायचा, क्लिक मागं राहायचा, थांबवा, परत. असं तीन तास. मीटर चालूच. शेवटी रेकॉर्डिस्ट म्हणाला मशीनवर ड्रम टाकून देतो, कुणाला कळणार पण नाही. मामेभाऊ लगेच हो म्हणाला. मी गप्प बसलो, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं ना. ड्रमर "स्टिका राहू देत, नंतर नेतो" म्हणून बाहेर पडला आणि स्वारगेटवरून एकटाच एसटीनं कोल्हापूरला गेला. स्टिका माझ्याकडं आहेत अजून.

स्टुडिओची सीडी एकदम स्वच्छ. सगळं ऐकू येतं, फक्त मी कुठं चुकलो ते नाही, कारण ते पुसलं. कुणी दुसऱ्यांदा लावली नाही ती.

आता तुमचा प्रश्न. मेटॅलिकाचा 1982 चा 'नो लाइफ टिल लेदर' डेमो ऐका, गिटारवर डेव्ह मस्टेन आहे. पुढच्या वर्षी 'किल एम ऑल' रेकॉर्ड होईपर्यंत त्याला हाकलून झालं होतं. त्याचं 'मेकॅनिक्स' मेटॅलिकानं शब्द बदलून, मधे एक संथ तुकडा घालून 'द फोर हॉर्समन' केलं, आणि त्यानं तेच गाणं 1985 ला त्याच्या नव्या बँडच्या, मेगाडेथच्या, पहिल्या अल्बमवर चिडल्यासारखं दुप्पट जोरात वाजवलं. नुसते अल्बम ऐकणाऱ्याला वाटतं दोन बँडची दोन गाणी. डेमो ऐकला की कळतं की घर एकच होतं, वाटण्या नंतर झाल्या. निर्वाणाचंही बघा. एप्रिल 1990 मध्ये मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच व्हिगबरोबर त्यांनी गाणी केली, तेव्हा त्यांचा पुढचा ड्रमर डेव्ह ग्रोल आलाच नव्हता. त्यातलं 'पॉली' जसंच्या तसं 1991 च्या 'नेव्हरमाइंड'वर गेलं, त्यामुळं त्यातल्या दोन-चार झांजा आधीचा ड्रमर चॅड चॅनिंगच्या आहेत, जो अल्बम येईपर्यंत बँडमधून गेलेला होता. करोडो लोकांनी ऐकल्या त्या झांजा. आमच्या गड्याची एक झांज पण नाही सीडीवर. म्हणून मी डेमोवाला. काढून टाकलेली माणसं तिथंच सापडतात.

मामेभावाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो कॅसेटमध्ये जी आग वाटते ती सेलची. म्हणजे असं की रेकॉर्ड करताना सेल उतरत गेले, मोटर हळू फिरली, आणि तीच कॅसेट घरी नीट लाइटवर लावली की गाणं पळतं आणि पट्टी चढते. बरोबर आहे त्याचं, तोंड बंद व्हायचं माझं. चौथं गाणं खरंच जवळजवळ अर्धा स्वर वर वाजतं. दर दिवाळीला हे ऐकवायचा, "भावा, तुझा रॉक चार सेलांचा."

2020 ला लॉकडाऊनमध्ये बसून होतो तेव्हा कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक गाण्यातली माझी मोकळी जाड तार शोधली, ती ई वर यायला पाहिजे, पहिल्या गाण्यात किंचित वर होती, चौथ्यात एफला टेकलेली. तेवढा तेवढा स्पीड खाली आणला. मग मिनिटाचे ठोके मोजले. कडव्यात 126, धृपदात 132, परत कडव्यात 126. चारही गाण्यांत थोड्याफार फरकानं असंच. आता उतरणारे सेल धृपद संपलं की परत भरतात का? आणि सेलमुळं असतं तर ठोक्याबरोबर पट्टीही वर गेली असती, ती जागची हलत नाही. तो फरक ड्रमरचा आहे. ज्या गोष्टीसाठी त्याला तीन तास थांबवून थांबवून परत वाजवायला लावलं ती तो शिस्तीत करत होता, लेथशेजारी बसून, आणि आम्ही तिघं त्याच्याबरोबर पुढं-मागं होत होतो.

मामेभावाला फाइल आणि आकडे दोन्ही पाठवले. त्याचं उत्तर आलं, "पण बेस ऐकूच येत नाही." ते मात्र खरं आहे.

आणि कच्चा मालवाल्यांनी जाताजाता 'नेब्रास्का' ऐकावा. ब्रुस स्प्रिंगस्टीननं 1982 च्या जानेवारीत घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर डेमो केला, नंतर बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून बघितली, जमेना, शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून काढली.

बरं, एवढं वाचून स्टुडिओच्या नावानं बोटं मोडू नका. बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 ला एका दिवसात स्टुडिओतच केली, पण एकत्र उभं राहून. आपल्याकडं इंडियन ओशनचा 1997 चा 'डेझर्ट रेन' लाइव्ह आहे आणि 2000 चा 'कंदिसा' स्टुडिओतला, मला कंदिसा जास्त आवडतो. शिवाय बहुतेक डेमो भंगार असतात हेही सांगायला पाहिजे, आमच्या तिसऱ्या गाण्यात माझी गिटार चक्क बेसूर आहे. नवीन बँड असेल तर आधी अल्बम ऐका, आवडला तरच डेमो शोधा. निर्वाणाला सुरुवात 'ब्लीच'पासून केलीत तरी चालेल, तो पूर्ण अल्बम 606 डॉलरमध्ये झालाय, जवळपास डेमोच.

ड्रमरला फाइल अजून पाठवली नाही. बी साइडला त्यानं एकट्यानं वाजवलेली पाचेक मिनिटं आहेत, तीही घेऊन मगच पाठवीन म्हणतोय, पण डेक आता टेप खायला लागलाय. कोल्हापुरात कॅसेट डेक दुरुस्त करणारा कुणी उरला असेल तर कळवा, गुजरीपासून राजारामपुरीपर्यंत विचारून झालंय.