वाचकांचे प्रश्न : पहिल्याच इंजेक्शनला गांध का उठते?

प्रश्न : आयव्हीएफ उपचारात सेट्रोरेलिक्स हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) इंजेक्शन सुरू आहे. पोटावर टोचल्यावर पाच-दहा मिनिटांत तिथे लाल गांध उठते, खाज सुटते आणि तासाभरात सगळं ओसरतं. हे पहिल्याच दिवशी झालं. आधी कधीच न घेतलेल्या औषधाची ॲलर्जी कशी होईल?

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. नेहमीच्या ॲलर्जीत शरीराची त्या पदार्थाशी आधी एकदा तरी गाठ पडावी लागते. मग आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार होऊन मास्ट पेशींवर (हिस्टामिनच्या कणिका साठवणाऱ्या संरक्षक पेशींवर) बसतात आणि पुढच्या भेटीत खाज-सूज आणणारं हिस्टामिन सुटतं. तुमच्या बाबतीत बहुधा ही पायरीच गाळली गेली आहे. त्वचेतल्या मास्ट पेशींवर एमआरजीपीआरएक्स२ नावाचा ग्राही (बाहेरचे रेणू ओळखणारं प्रथिन) असतो. धनभारित पेप्टाइडं थेट त्यालाच जाऊन चिकटतात आणि पेशीतल्या कणिका फुटून हिस्टामिन बाहेर पडतं. शरीरातली सबस्टन्स पी आणि सोमॅटोस्टॅटिन ही पेप्टाइडंही हेच करतात. औषधांच्या अशा प्रतिक्रियांमागे हा ग्राही असल्याचं २०१५मध्ये दाखवलं गेलं. त्या चाचण्यांत सेट्रोरेलिक्सही होतं. सेट्रोरेलिक्सच्या गटातल्या (जीएनआरएच या संप्रेरकाला अडवणाऱ्या) सुरुवातीच्या औषधांमध्ये धनभारित अमिनो आम्लांमुळे हिस्टामिन फार सुटे. रेणूत बदल करत करत हा दोष बराच कमी केला गेला, पूर्ण गेला नाही.

इथे सगळा खेळ मात्रेचा. टोचल्या जागी पेप्टाइड सर्वांत दाट असतं, म्हणून गांध तिथेच उठते. रक्तात पसरल्यावर ते इतकं विरळ होतं की बाकीच्या मास्ट पेशी सहसा शांत राहतात. म्हणून औषध फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सावकाश टोचा, रोज जागा बदला आणि ती चोळू नका. अँटिहिस्टामिनने खाज थांबते, कारण ते हिस्टामिनचा एच१ ग्राही अडवतं. कणिका फुटणं मात्र चालूच राहतं. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. गांधेचा फोटो, वेळ आणि ती किती मिलिमीटर होती हेही त्यांना दाखवा.

अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, चक्कर येणं यांपैकी काहीही झालं, तर कारण कोणतं याचा विचार तेव्हा करू नका. उपचार एकच : मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रेनालिन, प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, आणि तातडीने रुग्णालय. पहिल्या इंजेक्शननंतर अर्धा तास देखरेखीखाली बसवतात ते याचसाठी. तिथे ट्रिप्टेजसाठी (मास्ट पेशींतून सुटणाऱ्या विकरासाठी) रक्त घ्यायला सांगा, शक्यतो दोन तासांच्या आत. हिस्टामिन तासाभरात रक्तातून नाहीसं होतं, त्यामुळे ते मोजायला गेलं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो. ट्रिप्टेजसाठी २४ तासांनी दुसरा नमुना घ्यावा. दुसऱ्या आकड्याला १.२ने गुणून त्यात २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळवा; पहिला आकडा याहून जास्त निघाला, तर मास्ट पेशी खरोखर पेटल्या होत्या असं समजतात.

प्रश्न : जठरातलं गॅस्ट्रिन हे पेप्टाइड संप्रेरकही हिस्टामिन सोडवतं ना? मग त्यानेही अंगावर पित्त उठेल का?

उत्तर : नाही. गॅस्ट्रिनला प्रतिसाद देतात त्या जठराच्या अस्तरातल्या, हिस्टामिन साठवणाऱ्या ईसीएल पेशी, त्यांच्यावरच्या सीसीके२ ग्राहीमार्फत. ते हिस्टामिन शेजारच्या आम्ल स्रवणाऱ्या पेशींच्या एच२ ग्राहींवर काम करतं, त्वचेपर्यंत पोचत नाही.