एल निनो समजून घ्यायचाय? मग आधी वारे बघ

नुसत्या तापमानाच्या नकाशाकडे बघत बसू नको रे, आधी पॅसिफिकमधले व्यापारी वारे समजून घे. एरवी ते गरम पाणी पश्चिमेला इंडोनेशियाकडे ढकलत असतात, ते मंदावले की तेच पाणी पूर्वेकडे सरकतं आणि पाऊसही त्याच्या मागोमाग जातो, म्हणून पेरूत पूर आणि इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियात कोरडं, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. नीनो ३.४ पट्ट्यातलं (म्हणजे मध्य पॅसिफिकमधला विषुववृत्ताजवळचा भाग) पाणी सरासरीपेक्षा किमान ०.५ अंश सेल्सिअसने गरम राहिलं, आणि तेही काही महिने सलग, तरच एल निनो म्हणतात, एका आठवड्याच्या आकड्यावर उड्या मारू नको (न्यूजवाले मारतात, मारू देत).

आणि एल निनो म्हणजे दुष्काळ पक्का, असं तर अजिबात धरू नको. १९९७ चा एल निनो प्रचंड होता तरी भारतात मान्सून जवळपास नॉर्मल राहिला, कारण हिंद महासागराचा डायपोल पॉझिटिव्ह होता (म्हणजे त्या समुद्राची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा जास्त गरम), उलट २००२ ला एल निनो मध्यमच होता पण दुष्काळ मोठा पडला. त्यामुळे दोन्ही समुद्र सोबत बघ. मार्च ते मेमधले अंदाज तर जरा सांभाळूनच घे, त्या काळात मॉडेल्स हमखास गडबडतात, जूननंतरचे बरे असतात.