डीबीएसनंतर वडिलांची थरथर थांबली, पण माणूस गप्प झाला. हा मशीनचा परिणाम आहे का? मशीन बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे आहेत, हैदराबादला डीबीएस, म्हणजे पार्किन्सन्ससाठी मेंदूत तारा बसवून मशीननं करंट द्यायचं ऑपरेशन, होऊन पाच महिने झाले. हात थरथरायचे थांबले, भाकरी स्वतः मोडून खातात. पण दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात, नातवालाही जवळ घेत नाहीत, आणि गावातली माणसं म्हणतात की डोक्यात तार घातली म्हणून माणूस बदलला.

मशीन बंद करू नका. ती अचानक बंद झाली तर अंग आखडून जाण्याची, गिळायलाही त्रास होण्याची भीती असते. गोळ्याही स्वतःच्या मनानं वाढवू नका. जिथं मशीनचं सेटिंग करून घेता तिथं याच आठवड्यात फोन करा आणि हे जसंच्या तसं सांगा. पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. यावर उपाय असतो.

मी डॉक्टर नाही. आम्ही लातूरकडचे, घरची शेती आहे. माझ्या मिस्टरांचं डीबीएस झालेलं आहे, दोन्ही बाजूंचं, आणि तुम्ही जे सांगताय ते आमच्या घरात घडून गेलंय. त्या काळात डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळलं ते लिहिते.

पार्किन्सन्स हा फक्त हातापायांचा आजार नाही. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, त्यानं हालचाल मंदावते. पण सकाळी उठून काहीतरी करावंसं वाटणं, कुणी आलं की बरं वाटणं, हेही बऱ्याच अंशी त्याच डोपामिनवर चालतं. कित्येकांना हात थरथरायच्या आधी काही वर्षं उदासी येऊन गेलेली असते आणि ती या आजाराचाच भाग होती हे कुणाला कळलेलं नसतं.

बहुतेकांच्या तारा सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भागात बसवतात. हा भाग काही मिलिमीटरांचा. त्याचा वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग हालचालीचा, तर खालचा, आतल्या बाजूचा भाग भावनांशी जोडलेला. या जागी करंट सुरू झाला की पार्किन्सन्सच्या गोळ्या पुष्कळ कमी करता येतात, बऱ्याचदा निम्म्यापर्यंत. घरच्यांना त्याचा आनंद होतो, आम्हालाही झाला होता. पण गोळी म्हणजे पाऊस, सगळ्या शिवारावर पडतो. करंट म्हणजे ठिबक, नळी जिथं आहे तिथंच ओल. हातापायांना करंट मिळाला म्हणून ते चालले, पण इच्छा-उत्साहाचं वावर ज्या पावसावर होतं तो पाऊस निम्म्यावर आला. तुमच्या वडिलांचं हेच झालं असेल असं मी ठामपणे सांगू शकत नाही, पण पहिली चौकशी याचीच करा: ऑपरेशनच्या आधी कोणत्या गोळ्या किती होत्या, आणि आता किती आहेत.

पाच महिने हा काळही त्याला जुळतो. ही शस्त्रक्रिया जिथं १९८७ पासून विकसित झाली त्या फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ६३ रुग्णांचा अभ्यास छापला. ऑपरेशननंतर त्यांच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात कमी केल्या होत्या. त्यातल्या ३४ जणांना असा निरुत्साह आला, सरासरी पावणेपाच महिन्यांच्या सुमारास. त्यातल्या निम्म्यांचा तो वर्षाच्या आत गेलासुद्धा.

आमच्याकडं ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे सणासारखे गेले. तार बसताना तिथल्या पेशींना जो धक्का बसतो, त्यानंच लक्षणं काही दिवस दबतात, मशीन सुरू व्हायच्या आधीच. मग मशीन सुरू झाली, करंट हळूहळू वाढला, सिंडोपा (डोपामिनची कमतरता भरून काढणारी गोळी) निम्म्यावर आली आणि प्रॅमिपेक्सोल (डोपामिनसारखं काम करणारी दुसरी गोळी) पूर्ण बंद झालं. पुढं काही महिन्यांनी वेळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात असतात. आजार ऐन जोरात असताना दोघांच्या खांद्यावर हात टाकून कडब्याच्या खोपीपर्यंत पूजेला गेलेला माणूस, आता स्वतःच्या पायांनी चालत जाऊ शकत असताना म्हणाला, "तुम्ही या जाऊन, मला काही वाटत नाही." रडत नव्हते, चिडत नव्हते. भज्जी-आंबील घरी आणून दिली, ती खाल्ली. कशी झाली विचारलं तर "ठीक."

याला डॉक्टर ॲपथी म्हणतात. उदासी म्हणजे डिप्रेशन आणि ही ॲपथी, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. पण डिप्रेशनमध्ये माणसाला दुःख होतं, अपराधी वाटतं, "मी तुमच्यावर ओझं झालो" असं बोलतो, पहाटे जाग येऊन तळमळतो. ॲपथीत दुःखही फारसं नसतं, नुसती ओढ गेलेली असते. पुष्कळदा दोन्ही मिसळलेलं असतं. फरक महत्त्वाचा, कारण उपचार बदलतात. आमच्या डॉक्टरांनी करंटला हात न लावता प्रॅमिपेक्सोल अगदी थोड्या प्रमाणात परत सुरू केलं, सिंडोपा किंचित वाढवली आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला लावलं.

त्यात एक धोका होता. ऑपरेशनच्या आधी हेच प्रॅमिपेक्सोल मोठ्या प्रमाणात चालू असताना ते बाजारातून गरज नसताना बैल घेऊन यायचे. गोठ्यात जागा नाही, कडबा विकतचा, तरी देवणीची चांगली जोडी दिसली की सौदा झालाच. भावकीत त्यांना उधळ्या ठरवलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांनी खरेदी, जुगार, खाणं, लैंगिक ओढ हाताबाहेर जाऊ शकते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, पण घरच्यांना कुणी सांगत नाही. म्हणून परत सुरू करताना पैशांचे व्यवहार मी माझ्याकडं घेतले आणि त्यांना तसं आधीच सांगितलं. काही महिन्यांत माणूस हळूहळू परत आला. आधी पेपर मागू लागले, मग शेजाऱ्यांशी वाद घालू लागले.

करंटचा थेट परिणाम होतच नाही असं मात्र नाही. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची हकिकत छापली. ज्या जागी करंट दिल्यावर त्यांचा पार्किन्सन्स कमी होत होता, त्याच्या फक्त दोन मिलिमीटर खाली करंट दिला तर काही सेकंदांत त्या हमसून रडू लागल्या, जगण्यात अर्थ नाही म्हणू लागल्या. करंट थांबवल्यावर दीड मिनिटाच्या आत पूर्ववत. कधी उलटही होतं: झोप नाही, अखंड बोलणं, भलत्या योजना. तारेवर वेगवेगळे बिंदू असतात, कोणता चालू ठेवायचा ते कॉम्प्युटरवरून बदलता येतं. वडिलांचा बदल सेटिंग बदलल्यावर एक-दोन दिवसांत सुरू झाला की गोळ्या कमी होत गेल्या तसा हळूहळू आला, हे आठवून लिहून काढा. डॉक्टरांना यातून पुष्कळ कळतं.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी: तारा ग्लोबस पॅलिडस नावाच्या दुसऱ्या भागातही बसवतात. २०१० मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या २९९ रुग्णांच्या चाचणीत हालचालीचा फायदा दोन्ही ठिकाणी सारखाच आला. डिप्रेशन मात्र पहिल्या जागी, म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये, थोडं वाढलं, दुसऱ्या जागी थोडं कमी झालं. गोळ्या पहिल्या जागी जास्त कमी झाल्या. आधी डिप्रेशन होऊन गेलेलं असेल तर हा विषय सर्जनकडं आवर्जून काढावा.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, घाबरवायला नाही. ५५ केंद्रांवरच्या ५३११ रुग्णांची माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ऑपरेशननंतर आत्महत्या केलेले ०.४५ टक्के आणि प्रयत्न केलेले ०.९० टक्के होते, आणि पहिलं वर्ष सगळ्यात जोखमीचं होतं. पुढच्या एका अमेरिकी चाचणीत ऑपरेशन झालेले आणि न झालेले यांच्यात अशा विचारांचा फरक दिसला नाही. तरी तुम्ही अजून त्या पहिल्या वर्षात आहात. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं. ते आजच कुलपात ठेवा. मरणाचे विचार येतात का, हे वडिलांना सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं.

हैदराबाद लांब पडतं म्हणून जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं जाल तर डीबीएसचं कार्ड आणि गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन जा. हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांनी पार्किन्सन्स बिघडतो, उलटीच्या मेटोक्लोप्रामाइडनंही. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन (ही पार्किन्सन्सचीच औषधं) चालू असेल तर ते सांगाच, डिप्रेशनच्या काही गोळ्यांशी त्यांचं जमत नाही. आणि पाठ-खांदा दुखतो म्हणून कुणी डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या लहरींनी आतून उष्णता देणारा, शेक द्यायला निघालं तर ठाम नकार द्या, तारा बसवलेल्या माणसाला तो चालत नाही.

सेटिंगला जाताना आईला सोबत न्या. वडिलांना विचारलं तर ते "बरं आहे" एवढंच म्हणतील. रात्री किती झोपतात, काय बोलतात, कशावरून जेवण टाळतात, हे आईलाच ठाऊक असतं. भेटीचा वेळ हातपाय तपासण्यात आणि चालवून बघण्यात निघून जातो, म्हणून आत गेल्या गेल्या आधी मनाचं सांगा, थरथरीचं नंतर.