संस्थेच्या मदतीसाठी मूक लिलाव ठेवताना नियम काय असावेत? विश्वस्तांनी बोली लावली तर चालेल का?

तुमच्या प्रश्नाचा मला कळलेला मथितार्थ असा: इंदुरातली तुमची छोटी नोंदणीकृत संस्था गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पहिल्यांदाच मूक लिलाव, म्हणजे वस्तूसमोरच्या कागदावर बोली लिहून होणारा लिलाव, करते आहे. वस्तू सभासदांनी दिल्या आहेत, येणारेही बहुतेक ओळखीचेच आहेत. मग लेखी नियम लागतात का, लागले तर कोणते, आणि विश्वस्तांनी बोली लावावी का? शिवाय एका ज्येष्ठ सभासदांनी जुनं जलरंगचित्र आणि काही होळकरी नाणी दिली आहेत, त्यांचं काय करावं?

विश्वस्तांनी बोली लावू नये. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीच्या गोष्टींत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं, इथे नाही.

मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून इथल्याच एका संस्थेच्या अशा कार्यक्रमांचा हिशेब सांभाळते. माझं ठाम मत असं की लेखी नियम ओळखीच्या माणसांसाठीच जास्त लागतात. अनोळखी माणसाला 'वेळ संपली' म्हणणं सोपं असतं. ज्या काकांनी आपल्या मुंजीत भिक्षावळ घातली त्यांना ते म्हणणं अवघड जातं. नियम छापलेला असला की स्वयंसेवक मुलीला काकांना काही म्हणावंच लागत नाही, ती कागदाकडे बोट दाखवते.

विश्वस्तांच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. विकणाऱ्यानं स्वतः बोली लावायचा हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर केलं नसेल, तर त्याला बोली लावता येत नाही आणि दुसऱ्याकरवी लाववताही येत नाही. तसं झालं तर घेणारा तो व्यवहार फसवणुकीचा मानू शकतो. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर त्याला व्यवहार मोडता येतो. आता तुमच्या लिलावात विकणारी संस्था, आणि संस्थेच्या वतीनं वागणारे विश्वस्त. त्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. माहेश्वरी साडी तीन हजारांवर अडलेली दिसते, 'एवढी सुंदर साडी, निदान चार तरी यावेत' असं वाटतं आणि हात पेनाकडे जातो. पण पुढच्या बाईनं साडेचार हजार भरले आणि महिन्याभरानं तिला कळलं की मधली बोली अध्यक्षांची होती, तर तिला काय वाटेल? ती पैसे परत मागणार नाही. ती पुढच्या वर्षी येणार नाही, आणि का येत नाही तेही सांगणार नाही.

साडी स्वस्तात जाऊ नये असं वाटत असेल तर त्याचा प्रामाणिक मार्ग कायद्यातच आहे: राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती रक्कम. मूक लिलावात ती लपवून ठेवायची गरजच नाही, पहिली बोली तिथूनच सुरू करा. बाजारात सहा हजारांची साडी असेल तर सुरुवात अडीच ते तीन हजारांवर ठेवावी असं मी सुचवेन. फार वरून सुरुवात केली की कागद कोरा राहतो, आणि कोऱ्या कागदावर पहिला आकडा लिहायला कोणी धजत नाही. मग नियम असा लिहा: 'विश्वस्त, लिलाव समितीचे सदस्य आणि टेबलांवरचे स्वयंसेवक बोली लावणार नाहीत. देणाऱ्यानं स्वतः दिलेल्या वस्तूवर बोली लावू नये.' विश्वस्तांना हातभार लावायचाच असेल तर त्यांनी सरळ देणगी द्यावी.

दुसरा वाद हमखास होतो तो शेवटच्या दोन मिनिटांत. मूक लिलावात तोंडानं कोणी काही बोलत नाही, वस्तूसमोरच्या बोलीपत्रकावर आधीच्या आकड्याखाली आपला आकडा लिहायचा असतो. त्यामुळे जाणकार माणूस तासभर चहा घेत लांब उभा राहतो आणि अखेरच्या क्षणी पत्रकावर झडप घालतो. दोघांनी असं केलं की एकाच्या हातातलं पेन दुसरा खेचतो. बोली नेमकी कधी संपली, हे ठरवणारी एकच खूण हवी. कायद्यातही हातोडा पडल्यावर किंवा रूढ पद्धतीनं तसं जाहीर झाल्यावरच विक्री पूर्ण होते. तुमच्याकडे हातोडा नसेल तर घंटा ठेवा. कोणाचं घड्याळ प्रमाण मानायचं तेही लिहून टाका. घंटा होताच स्वयंसेवकानं पत्रक उचलायचं आणि शेवटच्या पूर्ण बोलीखाली रेघ मारून सही करायची. पूर्ण बोली म्हणजे क्रमांक आणि रक्कम दोन्ही. अर्धवट आकडा धरायचा नाही.

त्या क्षणी दोघं जण पत्रकापाशीच उभे असतील तर मला चिठ्ठीची पद्धत सर्वांत न्याय्य वाटते. दोघांनी एकेका चिठ्ठीवर आपली अखेरची रक्कम लिहून द्यायची, जास्त असेल त्याची वस्तू. ही रक्कम पत्रकावरच्या शेवटच्या बोलीपेक्षा कमी चालणार नाही. हाही नियम आधीच छापलेला असला पाहिजे, वाद झाल्यावर सुचलेला नियम कोणीतरी एकाच्या बाजूचाच वाटतो. सगळी टेबलं एकाच वेळी बंद करू नका. साड्या आणि कापड साडेसातला, चित्रं पावणेआठला, सेवा आणि आमंत्रणं आठला, असं केलं की एका टेबलावर हरलेला माणूस पुढच्या टेबलाकडे वळतो आणि संस्थेला दोन पैसे जास्त मिळतात.

पत्रकावर नावं लिहू देऊ नका, क्रमांक द्या. दारातच नाव, पत्ता, फोन नोंदवहीत घेऊन प्रत्येकाला क्रमांकाचं कार्ड द्यायचं. इंदुरात बोली हा शब्द जैन मंदिरांमुळे सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तिथे आरतीची बोली भर सभेत लागते आणि घेणाऱ्या घराला मानही उघड मिळतो. आपल्या मराठी मंडळींचा स्वभाव निराळा. वर सासरेबुवांचं किंवा साहेबांचं नाव दिसलं की पुढचा माणूस पेन खाली ठेवतो, आणि वस्तू निम्म्या भावात जाते. क्रमांक असला की संकोच उरत नाही. नोंदवही मात्र चोख हवी, 'नाव नको' म्हणणाऱ्याचेसुद्धा तपशील घ्याच.

वाढीचा टप्पा ठरवा. दोन हजारांच्या खाली १०० रुपये, दोन ते दहा हजार २५० रुपये, त्यावर ५००. पत्रकावरच वर छापा. नाहीतर कोणी एकेक रुपयानं वाढवत बसतं.

बोली मागे घेता येईल का, हे बहुतेक संस्था लिहितच नाहीत. घंटा होण्यापूर्वी बोली लावणाऱ्याला माघार घ्यायची मुभा कायद्यानं आहे, ती नाकारण्याच्या फंदात पडू नका. पद्धत तेवढी ठरवा: खोडायचं स्वयंसेवकानंच, शेजारी सही करून. आणि 'अशा वेळी त्याआधीची बोली पुन्हा कायम धरली जाईल' हे वाक्य असायलाच हवं. ते नसेल तर आधीचा माणूस म्हणू शकतो, की माझ्यावर बोली चढली तिथेच मी मोकळा झालो. घंटेनंतर माघार नाही.

आता वस्तूंपेक्षा अवघड असतात त्या सेवा, आणि खरं सांगायचं तर लिलावाची शोभा त्याच वाढवतात. एखाद्या मावशी म्हणतात, 'मी घरी येऊन पुरणपोळीचा स्वयंपाक करून देईन.' किती मजेदार बोली चढते यावर! पण त्याच मावशींचे हाल होऊ नयेत म्हणून पत्रकावर सगळं हवं: किती पानांचा स्वयंपाक, सामान कोणाचं, मदतीला कोण, कुठल्या तारखेच्या आत, श्रावणातल्या आणि गणपतीतल्या कोणत्या दिवशी जमणार नाही. बारा पानं लिहिली नाहीत तर तीस माणसांना बोलावणारे यजमान भेटतात. तबल्याच्या शिकवणीचंही तेच, किती तास आणि किती वयापासून. सेवा देणाऱ्याची त्या वर्णनाखाली सही घ्या. आजारपणामुळे जमलं नाही तर पैसे परत की दुसरी तारीख, हेही तिथेच ठरवून टाका.

तुमचं जलरंगचित्र. देवळालीकर गुरुजींनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेचं विद्यालय सुरू केलं. नामवंत चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथेच शिकले, एम. एफ. हुसेनही तिथले. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत राजवाड्याची, होळकरांच्या समाधी-छत्र्यांची, खान नदीच्या काठची चांगली जलरंगचित्रं असणं साहजिक आहे, आणि 'हे बेंद्र्यांचं असावं' असं म्हणणारं कोणीतरी त्या घरात असतंच. सही नसेल आणि जाणकाराचं लेखी मत नसेल तर पत्रकावर चित्रकाराचं नाव घालू नका. 'जलरंग, इंदूर, सही नाही, अमुक कुटुंबाच्या संग्रहातून' एवढं लिहा. खरोखर बेंद्र्यांचं असण्याची शक्यता वाटत असेल तर ते तुमच्या लिलावात ठेवूच नका, आधी तज्ज्ञाला दाखवा. चार-पाच हजारांत ते गेलं आणि पुढे खरं निघालं, तर ज्या सभासदांनी विश्वासानं दिलं त्यांच्याशी तो अन्याय होईल. बाकी सगळ्या वस्तूंसाठी 'आहे तशी, पाहून घ्यावी' हा नियम ठेवा आणि बोली सुरू होण्यापूर्वी वस्तू हाताळून बघायला पुरेसा वेळ द्या.

नाण्यांचं उत्तर तारखेवर अवलंबून आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावशेष, म्हणजे कायद्यानं जपलेली प्राचीन वस्तू, ठरतं, हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. एका संध्याकाळच्या लिलावाला व्यवसाय म्हणायचं का, यावर वकील वाद घालू शकतील, पण शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमात तो वाद ओढवून घेऊ नये. म्हणून शिवाजीराव होळकरांच्या काळातलं, शंभरी ओलांडलेलं नंदीचं तांब्याचं नाणं सन्मानानं परत करा. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचं १९३५ सालचं असेल तर अजून शंभरी भरलेली नाही, ते ठेवता येईल. माळ्यावरून निघालेल्या वस्तूंत हस्तिदंताची फणी, वाघनखाचं लॉकेट असलं काही आलं तर वन्यजीव कायद्यामुळे ते स्वीकारायचंच नाही. वस्तू घेतानाच एका कागदावर वर्णन, देणाऱ्याची मालकी असल्याची सही आणि विकली न गेल्यास परत हवी की संस्थेकडे राहील, हे तिन्ही लिहून घ्या.

परदेशातल्या मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हा मुद्दा येणारच. आपल्याकडे घरटी एक मूल बाहेर असतं आणि आई व्हिडिओ कॉलवर त्याला साड्या दाखवते. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे बँकेमार्फत आले तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याच्या दृष्टीनं तो परदेशी स्रोत. तुमच्या संस्थेची, परदेशातून पैसे घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नसेल तर त्याच्याकडून पैसे घेऊ नका. नोंदवहीत नागरिकत्वाचा एक रकाना ठेवा.

फोनवरून किंवा दुसऱ्याच्या वतीनं बोली चालेल, पण कमाल रक्कम लिहिलेली बंद चिठ्ठी एका नेमलेल्या माणसाकडेच द्यायची. त्यानं ती कोणाला, विश्वस्तांनासुद्धा, सांगायची नाही.

पावतीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाच हजारांना साडी घेतली की ती देणगी झाली आणि आयकरात देणगीची सवलत (जुन्या कायद्यातलं कलम ८०जी) मिळाली, असं लोक धरून चालतात. देणगी म्हणजे मोबदला न घेता दिलेले पैसे, इथे तर साडी मिळाली. म्हणून लिलावाच्या रकमेची साधी पावती द्या आणि 'या रकमेवर देणगीच्या करसवलतीचं (पूर्वीचं ८०जी) प्रमाणपत्र मिळणार नाही' हे नियमांतच छापा. वस्तू देणाऱ्यांनाही ती सवलत मिळत नाही, कारण ती फक्त पैशांच्या देणगीवर असते. शेजारी देणगीचं वेगळं टेबल मांडा. तिथे रोख २,००० रुपयांपर्यंतच सवलतीला धरतात, त्यावर असेल तर यूपीआय किंवा चेक. लिलावाचा हिशेब देणग्यांपासून वेगळ्या खात्यावर ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पावतीचा मसुदा सीएंना दाखवूनच छापायला टाका.

पैसे त्याच संध्याकाळी, वस्तू पैसे मिळाल्यावरच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे आले नाहीत तर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्या शेवटच्या बोलीला देऊ करायची. इथे ओळख बघायची नाही.

लकी ड्रॉची तिकिटं विकून भर घालू या, अशी सूचना समितीत येईल. ती मान्य करू नका. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणं ही लॉटरी होते आणि ती सरकारी मान्यतेशिवाय चालवणं गुन्हा आहे.

हे सगळं एका पानात बसतं. मराठी आणि हिंदी दोन्हींत छापा, कारण आपल्या कार्यक्रमांना शेजारची माळवी, गुजराती मंडळीही हौसेनं येतात. निमंत्रणासोबतच पाठवा आणि दारात क्रमांकाचं कार्ड देताना 'नियम वाचले, मान्य आहेत' म्हणून सही घ्या. त्या पानावर शेवटी अशा एका व्यक्तीचं नाव असू द्या जिचा निर्णय वादात अंतिम राहील. ती विश्वस्त नसावी, वस्तू देणारी नसावी आणि त्या संध्याकाळी बोली लावणारी नसावी. सर्वांना मान्य असलेल्या एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिका मिळाल्या तर फारच उत्तम.