चौथं कडवं

प्रश्न : मी ५८ वर्षांची. पाळी जाऊन सात वर्षं झाली. आमच्या भिशीत दर महिन्याला कुणीतरी कविता वाचतं. यावेळी मी माझी वाचली. पोटाच्या वळ्या, पिकलेले केस, आणि रात्री यांचा हात अंगावर पडला की अजून उठणारा शहारा. सगळ्या गप्प. मग एक मैत्रीण म्हणाली, "सासू झालीस ना गं आता?" घरी येऊन मी शेवटी विठ्ठलाचं एक कडवं जोडलं. कविता सोबत आहे. ठेवू की फाडू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, फाडू नका. मी तीनदा वाचली. पहिली तीन कडवी तुमची आहेत, चौथं त्या मैत्रिणीच्या धाकानं आलंय. शहारा उठतो न उठतो तोच टाळ वाजायला लागतात. विठ्ठलाला तुम्ही पदरासारखं ओढून घेतलंय. आणि पदर म्हणाल, तर जनाबाईनं तो त्याच्याचसाठी ढळू दिला : 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.' त्याच अभंगाच्या शेवटी ती, नामदेवांच्या घरची दासी, स्वतःला वेसवा, म्हणजे वेश्या, म्हणवून घेते. जी देवाच्या घरी अशी निघाली, तिच्या देवाला तुमचा शहारा झाकायला कशाला बोलावता?

माझी पाळी एक्कावन्नाव्या वर्षी थांबली. पॅडचं उरलेलं अर्धं पाकीट मी साड्यांमागे तीन वर्षं ठेवलं होतं. का, ते सांगता आलं नसतं. 'कावळा शिवला' म्हणून जिला आयुष्यभर कोपऱ्यात बसवलं, तिला निरोप कसा देतात ते कुणी शिकवलंच नव्हतं. मग ल्युसिल क्लिफ्टन या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीची शेवटच्या पाळीवरची कविता हाती लागली. १९९१च्या 'क्विल्टिंग' संग्रहातली. क्विल्टिंग म्हणजे आपलं गोधडी शिवणं. सहा मुलांची ही आई पाळीशी घरातल्या पोरीसारखं बोलते : अडतीस वर्षं लाल झग्यात झोकात आलीस, आणि एकदाही त्रास दिल्याशिवाय आली नाहीस. आता मात्र उनाड पोर निघून गेल्यावर तिचा फोटो हातात धरून बसणाऱ्या आज्यांसारखं तिला वाटतं. किती देखणी होती, नाही? त्या रात्री मी पाकीट बाहेर काढलं आणि मनसोक्त रडले.

याच बाईनं त्याआधी, १९८०च्या संग्रहात, आपल्या नितंबांचं कौतुक केलंय. ते मोठे आहेत, त्यांना वावरायला जागा लागते, ते कधी गुलाम झालेले नाहीत. जिचे पूर्वज खरोखर गुलाम होते तिनं हे म्हणायचं, आणि तेही थेट अवयवाचं नाव घेऊन.

तुमच्या दुसऱ्या कडव्यात 'मांडी' खोडून वर 'काया' लिहिलंय. खोडलेलं वाचता येतंय. तिथे मांडीच हवी. चौथं कडवं काढा आणि पुढच्या भिशीला नवी प्रत घेऊन जा.